मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन पेरू (जून, माचू पिच्चू)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मे महिन्यात सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला येतायत, सप्टेंबरपर्यंत राहतील. बाबा ६८, आई ६४. बाबांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे नायगारा वगैरे ठीक, पण अँडीज बघायचाच असं त्यांनी फोनवर जाहीर करून टाकलंय.

जूनच्या उत्तरार्धात आठवडाभराची रजा मिळतेय. डोक्यातला बेत असा: इथून लिमा, लगेच पुढच्या विमानाने कुस्को. दुसऱ्या दिवशी तो रंगीत पट्ट्यांचा डोंगर (विनिकुन्का), मग माचू पिच्चू, जमल्यास तितिकाका सरोवर.

बाबांना बीपीची गोळी चालू आहे. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मी एच-१बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा), त्या दोघांचा अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आहे. पेरूचा व्हिसा वेगळा काढावा लागेल का? यलो फीव्हरच्या (पीतज्वराच्या) लशीचं काय? स्पॅनिश शून्य. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

– कृष्णाकाठ

---

घाटमाथा: बेत उलटा करा, नाहीतर बाबा अँडीज हॉटेलच्या खिडकीतून बघतील.

कुस्को साधारण ३४०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास लेह. लिमा समुद्रकाठी. सकाळी शून्यावर आणि दुपारी लेहमध्ये, वर दुसऱ्या दिवशी विनिकुन्का, जो ५००० मीटरच्या वर आहे! धडधाकट पोरंसुद्धा तिथे डोकं धरून बसलेली असतात. या वयात, बीपी असताना, तो डोंगर सरळ खोडा. तितिकाकाही खोडा, पुनो (त्या सरोवराकाठचं शहर) ३८०० मीटरवर आहे आणि आठवड्यात बसत नाही.

गंमत म्हणजे माचू पिच्चू कुस्कोपेक्षा खाली आहे, २४३० मीटर. म्हणून क्रम असा ठेवा. पहिली रात्र लिमात. सकाळच्या विमानाने कुस्को, पण शहरात न थांबता विमानतळावरूनच टॅक्सी करून दोनेक तासांत ओयान्तायताम्बो (सुमारे २८०० मीटर). तिथे दोन रात्री निवांत. गावातच इन्कांचे भलेमोठे दगडी चौथरे आहेत, आई खाली चौकात बसेल, बाबा हवं तेवढं चढतील. तिथूनच माचू पिच्चूची रेल्वे सुटते. कुस्को शेवटी, तोवर शरीर रुळलेलं असतं.

डायमॉक्स (उंचीवरच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा, बीपीच्या गोळ्यांची यादी दाखवून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. तिथे जागोजागी कोकाच्या पानांचा चहा देतात. पेरूत तो कायदेशीर आहे, पण पानं किंवा चहाच्या पुड्या अमेरिकेत आणू नका, भारतातही नेऊ नका. शिवाय तो प्यायल्यावर लघवीच्या तपासणीत कोकेन दिसू शकतं. तुमच्या कंपनीत ड्रग टेस्ट होत असेल तर आपला साधा चहा बरा.

---

जर्सीकर: व्हिसाचं सोपं आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा व्हिसा असेल आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असेल, तर भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. ग्रीनकार्डवरही चालतं.

आई-बाबांपेक्षा मला तुमचीच काळजी वाटतेय. पासपोर्टातल्या एच-१बी व्हिसाच्या स्टॅम्पची तारीख बघा. नुसत्या आय-७९७ वर (एच-१बी मंजुरीचा कागद) ना पेरूत घेतील, ना परत इकडे. स्टॅम्पची मुदत संपली असली तरी कॅनडा-मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन परत यायची सवलत असते, ती पेरूला लागू नाही. आणि परत आल्यावर आई-बाबांचं आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) नव्याने काढून तारीख तपासा.

---

कुंकुमार्चन: जर्सीकरांना +१. आमच्या ग्रुपमधल्या एकाला स्टॅम्पपायी तिकीट रद्द करावं लागलं होतं.

---

डॉ_बाराखडी: लशीबद्दल. लिमा, कुस्को शहर आणि माचू पिच्चू एवढंच करणार असाल तर आजाराच्या दृष्टीने ही लस सहसा सुचवत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात जाणार असाल तर गोष्ट वेगळी. पण भारत सरकारचा नियम देश बघतो, देशातला भाग नाही, आणि यलो फीव्हरच्या देशांच्या त्यांच्या यादीत पेरू आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत, लशीच्या दाखल्याशिवाय भारतात उतरलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

तुमचे आई-बाबा जूनमध्ये पेरूहून न्यू जर्सीला परतणार आणि सप्टेंबरात भारतात जाणार, म्हणजे ते सहा दिवस कधीच उलटलेले असतील. परतीच्या विमानाचे बोर्डिंग पास तेवढे जपून ठेवा. हे महत्त्वाचं अशासाठी की साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. 'घेऊन टाकू, कशाला कटकट' असं इथे करू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा. तरुण मंडळींनी घ्यायला हरकत नाही: दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि आयुष्यभर चालतो. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

---

घाटमाथा: आणखी एक राहिलं. माचू पिच्चूचं तिकीट आधी, विमानाचं नंतर! रोज ठरावीक लोकांनाच सोडतात आणि जून हा ऐन कोरडा हंगाम. तिकिटावर वेळ आणि मार्ग ठरलेला असतो, नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, आणि दारात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. २०२४ पासून तीन मुख्य मार्ग आहेत. कॅलेंडरवर असतो तो देखावा १ आणि २ वरून दिसतो. ३ खालच्या भागातून जातो, गुडघ्यांना सोसतो, पण तो वरचा देखावा हुकतो. मी असतो तर बाबांसाठी २ आणि आईसाठी ३ काढला असता. स्वच्छतागृह दाराबाहेरच आहे आणि बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत, तेव्हा आधीच जाऊन या. काठीला खाली रबर हवं.

रेल्वेत मोठी बॅग नेता येत नाही, ती ओयान्तायताम्बोच्या हॉटेलात ठेवा. आग्वास कालिएन्तेसला (माचू पिच्चूच्या पायथ्याचं गाव) उतरून पुढे वर जायला बस आहे.

---

पुरणावरण: शाकाहाराचं मी सांगते. तिकडे 'कार्ने' म्हटलं की बऱ्याच जणांच्या मनात गोमांस येतं. म्हणून 'सिन कार्ने' एवढंच सांगितलं तर कोंबडी घातलेलं ताट हसतमुखाने समोर येतं. पूर्ण म्हणा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो. शेवटचं अंड्यासाठी. फोनवर लिहूनच ठेवा. किन्व्याचं सूप दिसायला निरागस, पण ते बहुतेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं, तेही विचारा.

मात्र उपाशी राहणार नाही. बटाट्याचं मूळ गाव तेच, हजारो वाण आहेत. टपोऱ्या दाण्यांचं मक्याचं कणीस ताज्या चीजबरोबर रस्त्यावर मिळतं. पापा आ ला वान्काइना म्हणजे पिवळ्या मिरचीच्या चीज-सॉसमधले बटाटे, वरची अंड्याची फोड नको म्हणून सांगायचं. 'चीफा' नावाची चिनी खानावळ दिसली की भाताची सोय झाली. जांभळ्या मक्याचं सरबत, चीचा मोरादा, आईंना नक्की द्या.

---

कृष्णाकाठ: सगळ्यांचे मनापासून आभार. विनिकुन्का आणि तितिकाका रद्द, ओयान्तायताम्बो पक्कं. माझा स्टॅम्प पुढच्या वर्षीपर्यंत आहे. २४ जूनला कुस्कोत काहीतरी मोठा उत्सव दिसतोय, ती तारीख टाळावी का?

---

घाटमाथा: इन्ती रायमी, सूर्याचा उत्सव. आपल्याकडे सर्वात मोठा दिवस असतो तेव्हा तिथे सर्वात लहान, बाबांना समजावून सांगायची गरज नाही. गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढलेले असतात, पण तुम्ही शेवटी कुस्कोतच असाल तर टाळू नका. मुख्य सोहळा शहराच्या वर साक्सायवामानला होतो, तिथल्या बसायच्या जागेचं तिकीट लागतं. आईंना शहरातल्या चौकातला भाग पुरे. रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, स्वेटर-कानटोपी सांगलीहूनच घेऊन यायला सांगा.