जुनी एमटीबी (माउंटन बाइक): होती तशी उभी करायची, की चालवायला?

सुटे_छर्रे:
हातात 1990 च्या आसपासची एक एमटीबी आली आहे. क्रोमोली स्टीलची फ्रेम, कँटिलिव्हर ब्रेक (आडव्या तारेने दोन्ही पॅड रिमवर दाबणारे), मागे 7 गियर, पुढे पेडलपाशी तीन दातेरी चकत्या, चाकं अर्थातच 26 इंची. परवा एकाला दाखवली तर म्हणाला, "फ्रेम ठेव, बाकी सगळं फेक. पुढे एकच चकती, मागे 11 गियर, पुढच्या चाकाला सस्पेन्शनचा फोर्क." त्यावरून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: असं केल्यावर जी उरते ती जुनी सायकल नव्हे, जुन्या रंगाची नवी सायकल.

फेकण्याआधी उघडून तरी बघा. उजवा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गियर बदलायचा खटका, मेला होता. दाबला की अंगठा नुसता पोकळीत जायचा. झाकण काढलं तर आतलं ग्रीस वाळून मेण झालेलं, आणि त्यात नखाच्या टोकाएवढं एक दातरं चिकटून बसलेलं. डिग्रीजरचा फवारा, दहा मिनिटं थांबलो, परत फवारा. काळंपिवळं पाणी गळलं आणि ते दातरं आपलं आपण उसळून जागेवर आलं. वर पातळ तेलाचे दोन थेंब. टक, टक, टक. सातही गियर पडतात. नवा पार्ट शून्य.

चढणवेडा:
शिफ्टर जगला, आनंद आहे. पण माउंटन बाइकच्या बाबतीत "मूळ रूप" ऐकलं की मला हसू येतं. कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत, 1970 च्या दशकात त्या पोरांनी काय केलं? जाडजूड टायरच्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या श्विन कंपनीच्या सायकली उचलल्या आणि त्यांना ड्रम ब्रेक, मोटरसायकलचे लिव्हर, चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारे डिरेलर असं मिळेल ते ठोकलं. 1976 पासून ज्या उतारावर शर्यती लावल्या त्याचं नावच रिपॅक (परत भरणे), कारण एका फेरीत कोस्टर ब्रेकच्या (पेडल उलटं दाबून लागणाऱ्या) हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब खोलून परत भरावा लागायचा. त्या पोरांनी मूळ रूप जपलं असतं तर आज तुला रिस्टोअर करायला एमटीबीच नसती.

आणि स्टेम, हँडल पुढे धरणारा तो दांडा, किती लांब आहे रे? 130 मि.मी. च्या वर असणार. उतारावर छाती पुढच्या चाकावर टेकवून जायची हौस असेल तर ठेव.

गंजपत्रा:
हा दाखला इथे बसत नाही. त्यांच्या हातात होतं ते तेव्हाचं भंगार. हवी ती सायकल बाजारात नव्हती म्हणून जोडाजोड केली. 1977 मध्ये त्यांच्यातल्याच जो ब्रीझ नावाच्या माणसाने खास त्या कामासाठी फ्रेम बांधली, मग हळूहळू कारखाने उतरले, जुन्या श्विन मागे पडल्या. आज तुम्हाला डिस्क ब्रेक हवेत ना? मग डिस्क ब्रेकची सायकल घ्या! म्हाताऱ्या फ्रेमला कशाला नाचवता?

सस्पेन्शनबद्दल तर बोलूच नका. साध्या फोर्कसाठी आखलेल्या फ्रेमला 80-100 मि.मी. दबणारा फोर्क लावला की पुढची बाजू पाच-सहा सेंटिमीटरने उचलली जाते. हेड अँगल (फोर्क धरणाऱ्या पुढच्या नळीचा, हेड ट्यूबचा, कोन) अडीच-तीन अंशांनी मागे पडतो, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाची जागा, बीबी) वर जातो, चढावर पुढचं चाक भरकटतं, आणि हेड ट्यूबच्या जोडावर कधी न हिशोबात धरलेला ताण येतो. एवढं करून मिळतं काय? ना घर का ना घाट का.

चढणवेडा:
फोर्कचं मान्य, मी कुठे म्हटलं लावा म्हणून. पण ब्रेक? कँटिलिव्हर म्हणजे थांबायची विनंती. ओल्या रिमवर तर विनंतीअर्जच. ब्रेक बसवायच्या त्याच खुंट्यांवर व्ही-ब्रेक (लांब हातांचे, जास्त जोराचे रिम ब्रेक) बसतात, फ्रेमला ओरखडाही येत नाही.

सुटे_छर्रे:
बसतात, पण लिव्हरही बदलावे लागतात, ते का सांगत नाहीस? कँटिलिव्हरचा लिव्हर तार कमी ओढतो. त्यावर व्ही-ब्रेक लावलेस तर पॅड रिमला जेमतेम टेकेपर्यंत लिव्हर मुठीला लागतो. मग शिफ्टर त्याच लिव्हरच्या घडणीत असेल तर तोही गेला. एक बोल्ट सोडवायला जावं आणि निम्मं हँडल रिकामं व्हावं, असं ते प्रकरण.

शिवाय लोक ज्याला कँटिलिव्हरचा दोष म्हणतात तो बहुतेकदा तीस वर्षांच्या पॅडचा असतो. माझे नखाने दाबून बघितले, नख वाकलं. नवे पॅड घातले, पुढचं टोक रिमला जरासं आधी टेकेल असे तिरपे लावले, मधली आडवी तार टायरच्या जवळ खाली आणली. आता मागचं चाक लॉक होतं.

अर्धा_आटा:
दोघेही आपापल्या जागी हट्टी. माझा हिशोब सोपा आहे: परत काढता येईल ते खुशाल लावा, कापावं-वेल्ड करावं लागेल ते नको. डिस्कसाठी मागच्या नळीला पत्री वेल्ड करणं म्हणजे नको. टायर, चेन, केबल, छर्रे झिजायचेच. तिथे मूळ-मूळ करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आणि सगळ्यांत आधी सीटपोस्ट, सीटखालचा दांडा, हलतो का बघ. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं पडून राहिला की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. माझ्याकडच्या फ्रेममध्ये मी व्हाइसमध्ये पोस्ट धरून फ्रेमच पिळली. पोस्ट तुटला, बुंधा आतच. शेवटी कॉस्टिक सोड्याने विरघळवला. स्टीलला तो काही करत नाही, पण हायड्रोजन सुटतो, उघड्यावर, हातमोजे-चष्म्याशिवाय नाही. रंग गेला तो गेलाच. आता नवा पोस्ट घेताना माप घेऊनच घे, 26.8 आणि 27.2 मि.मी. डोळ्यांना सारखेच दिसतात.

गंजपत्रा:
बीबी उघडताना उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हेही सांगा कुणीतरी. तिथे किती कप सोलवटले गेलेत याची गणती नाही.

सुटे_छर्रे:
पोस्ट हलला, नशीब. बीबीही सुटला, कप चांगले आहेत, फक्त छर्रे नवे घातले, दोन्हीकडे अकरा-अकरा. पुढच्या चाकाचा आऊट (वाकडेपणा) अजून काढायचाय.

चढणवेडा:
स्टेमचं उत्तर टाळतोयस.

सुटे_छर्रे:
135 चं होतं. रविवारी एक उतार उतरलो आणि सोमवारी 90 चं लावलं. जुनं जुन्या मोज्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये आहे.