रस्त्यांना मानद नावं: विधिमंडळाने यात पडावं का?

सनशाईन_मराठी (धागाकर्ता):
अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या विधिमंडळात रस्त्यांना, पुलांना नावं देणारी विधेयकं वरचेवर येतात. कुठे कर्तव्य बजावताना मरण पावलेला पोलीस, कुठे युद्धात कामी आलेला जवान. नाव फक्त मानद असतं. पत्ते किंवा ९११ च्या (आणीबाणीच्या फोन सेवेच्या) नोंदी बदलायची सक्ती नाही, असं कायद्यातच आहे. रस्त्याकडेला फलक लागतो, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे की राज्याच्या आमदारांनी हे काम सोडावं. रस्त्याला कुणाचं नाव द्यायचं ते गावाने ठरवावं.

रूट_वन:
साफ चूक. व्हर्जिनियात काय झालं बघा. १९२२ मध्ये विधिमंडळाने तिथल्या महामार्गाला, म्हणजे आजच्या रूट १ ला, जेफरसन डेव्हिसचं नाव दिलं. गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या राज्यांचा हा अध्यक्ष! अलेक्झांड्रिया शहराने २०१९ पासून आपल्या हद्दीत 'रिचमंड हायवे' केलं. शेजारचं आर्लिंग्टन मात्र शहर नाही, काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं. त्यांना तेच नाव लावायला राज्याच्या परिवहन मंडळाची मंजुरी घ्यावी लागली. शेवटी २०२१ मध्ये कायदा आला: जिथे जुनं नाव उरलं असेल तिथे १ जानेवारी २०२२ पासून 'इमॅन्सिपेशन हायवे', म्हणजे गुलाममुक्ती महामार्ग. गावावर सोडलं असतं तर कित्येक ठिकाणी डेव्हिस अजून शंभर वर्षं राहिला असता. गुलामांच्या नातवंडा-पणतवंडांनी रोज त्या पाटीखालून कामावर जायचं?

गल्ला_सांभाळणारा:
डेव्हिसचं नाव गेलं ते उत्तमच झालं. पण त्या रस्त्यावर ज्यांची दुकानं आहेत त्यांच्याकडेही बघा. पाटी, बिलबुकं, परवाना, बँक, विमा, सगळीकडे नवा पत्ता. कायदा करणाऱ्यांनी या खर्चाची सोय आधी करायला हवी.

घाटमाथा:
आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला यशवंतराव चव्हाणांचं नाव आहे. खंडाळ्यात अडकलेला माणूस घरी फोन करून 'एक्सप्रेसवेवर आहे' असंच सांगतो. लोकांच्या तोंडी बसत नसेल तर तो सन्मान कसला?

रूट_वन:
तोंडी बसलं नाही म्हणून मान कमी होत नाही. मुलगा गमावलेल्या घराला तो फलक किती मोठा असतो, ते त्यांनाच विचारा. आणि धागाकर्ते, फ्लोरिडात गावाला डावलतच नाहीत. फलक उभारण्याआधी त्या शहराचा किंवा काउंटीचा पाठिंब्याचा ठराव लागतो.

सनशाईन_मराठी:
लागतो, पण कायदा झाल्यावरही चालतो, माझा आक्षेप तिथेच आहे. राज्याने एकदा शहिदाचं नाव जाहीर केलं की कोणता नगरसेवक 'नको' म्हणून हात वर करेल? व्हर्जिनियाचं मान्य. जे कायद्याने लादलं ते कायद्यानेच काढावं लागलं. पण नवं नाव देताना गावाचा ठराव आधी हवा, विधेयक मागून.