जुनी २२-२५० रायफल विकू की ठेवू?

जाडनळी:
मंडळी, सरळ विचारतो. सासऱ्यांकडून आलेली रेमिंग्टन ७०० व्हार्मिंट स्पेशल माझ्याकडे आहे. १९७० च्या दशकातली, २४ इंची जाड नळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, कॅलिबर २२-२५०. बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा सरकता दांडा) दोन बोटांत उघडतो, पोलादावरची निळी झाक अजून तशीच.

शेजारच्या बाकावर मित्राची नवीकोरी टिक्का टी३एक्स व्हार्मिंट, २२३ मधली. दस्ता काळा सिंथेटिक, मॅगझिनसुद्धा प्लास्टिकचं. हातात घेतली तर खेळणं वाटतं. आणि तिच्या पाच गोळ्या १०० यार्डांवर पाऊण इंचात! माझ्या पहिल्या दोन एकमेकींना चिकटून, तिसरी जरा वर उजवीकडे, चौथी-पाचवी त्याहून वर, त्याहून उजवीकडे. एकूण दीड इंच. दोन शनिवार अगदी हेच.

३०० यार्डांवर दीडाचे साडेचार इंच होतात, आणि प्रेअरी डॉग (बिळात राहणारा छोटा प्राणी) तेवढा रुंद नसतो. जुन्या रायफली दर्जाने सरस असं ऐकत आलोय. मग हे काय? विकून मोकळा होऊ का?

लाकूडवेडा:
विकू नका हो! जुनं ते सोनं. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला मॉडेल ७० बदललं, तेव्हापासून उतरती कळा लागली ती लागलीच. लोक चौसष्टच्या आधीची उगीच शोधत फिरत नाहीत. नातवाच्या हातात प्लास्टिक देणार का?

आटे_आणि_पीळ:
लाकूडवेडा, भावना पोचली, पण उदाहरण तुमच्याच अंगाशी येतंय. १९६२ ची रेमिंग्टन ७०० हीच मुळात स्वस्तात, भराभर बनावी म्हणून आखलेली रायफल. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) गोल, म्हणजे सरळ लेथवर फिरवता येतो. रिकॉइल लग (झटका दस्त्यावर सोपवणारा भाग) वेगळी पट्टी, नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये वॉशरसारखी दाबलेली. हातकाम कमी. तरी ती नेमकी निघाली, कारण गोल वस्तू सरळ रेषेत बसवणं सोपं असतं. सॅव्हेज ११० ची तीच गोष्ट. १९५८ पासून तिची नळी नटने कसतात, त्यामुळे हेडस्पेस (बोल्टपासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) अचूक लावता येतो. तिच्या बोल्टला मऊ कुणी म्हणत नाही, पण गोळ्या एका भोकात घालते. दिसणं एक, लागणं दुसरं.

आणि जुन्यांपैकी आज आपल्यासमोर येतात त्या टिकलेल्या. ज्या वाईट होत्या त्यांच्या नळ्या कधीच बदलल्या गेल्या किंवा त्या भंगारात गेल्या. नव्यांचा खरा फायदा एवढाच की दहा उचलल्या तर नऊ सारख्याच निघतात. शिवाय कारखान्यातून येणारे चाप सुधारले. पूर्वी हलका आणि स्वच्छ चाप हवा तर कारागीर गाठावा लागे. २००३ च्या आसपास सॅव्हेजने ॲक्युट्रिगर नावाचा चाप आणला आणि बाकीच्यांनाही हलावं लागलं.

आता तुमची रायफल. जाडनळी, उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. पहिल्या दोन चिकटून आणि नंतरच्या एकाच दिशेने चढत गेल्या, म्हणजे नळी वाईट नाही. वाईट नळी पहिल्यापासून वाटेल तिकडे फेकते. तुमची तापली की कशाला तरी टेकतेय. अक्रोडाचं लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, पन्नास वर्षांत थोडं पिळतंही. रायफल रिकामी करा, कोठी (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोल्ट काढून ठेवा. साधा कागद नळी आणि दस्त्याच्या मध्ये घालून टोकापासून रिसीव्हरकडे सरकवा. कुठे अडतो ते सांगा. माझा अंदाज डावीकडे, कारण गोळ्या उजवीकडे ढकलल्या जातायत.

सोबत एक सावधगिरी. १९८२ च्या आधीच्या ७०० मध्ये सेफ्टी लावली की बोल्टही अडकतो, म्हणजे रिकामी करायला सेफ्टी काढावी लागते. तेव्हा नळी कुठे रोखलेली आहे त्याकडे आधी लक्ष.

तुलनाही सारखी नाहीये. गोळीचा व्यास दोन्हीकडे ०.२२४ इंच, पण २२-२५० मध्ये साधारण ३५ ग्रेन (वजनाचं छोटं माप) दारू जळते, २२३ मध्ये २५ च्या आसपास. ५५ ग्रेनची गोळी तुमची सेकंदाला ३,६०० फुटांच्या वर फेकते, मित्राची ३,२०० च्या थोडी वर. म्हणून तुमची लवकर तापते आणि कोठीपुढचे आटेही (नळीच्या आतले पीळदार खाचे) लवकर झिजतात. आट्यांचा पीळही वेगळा. तुमचा १४ इंचांत एक फेरा, टिक्काचा ८ इंचांत. मित्राच्या ६९ किंवा ७७ ग्रेनच्या गोळ्या त्याच्या नळीतून नीट जातात. तशाच वजनाच्या लांब गोळ्या तुमच्या नळीतून सोडल्या तर त्या डगमगतील आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी चीर दिसेल. लोक मग म्हणतात जुनी रायफल गेली. ५० ते ५५ ग्रेन द्या, खूश राहील.

जाता जाता, पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर रायफल विकायची नसते. मित्राचे सलग चार ग्रुप मागा.

जाडनळी:
कागद अडला. टोकापासून चार बोटं आत, डावीकडेच! नळीच्या पोलादावर तिथे घासल्याची चकचकीत रेघ आहे, ती मी आजवर जुना ओरखडा समजत होतो.

गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून संध्याकाळभर दस्त्यातली नळीखालची खोबण घासली. कागद दुहेरी घडी करूनही मोकळा जाईपर्यंत. उघड्या लाकडाला वॉर्निशचे दोन हात दिले.

काल गेलो होतो. प्रत्येक ग्रुपनंतर बोल्ट उघडा ठेवून दहा मिनिटं थांबलो. चार ग्रुप: ०.९, ०.८, १.१, ०.९ इंच. चढणं बंद. मित्राचे चार मागितले. पाऊण इंचवाला त्यातला सर्वांत चांगला निघाला, एक तर पूर्ण इंचाचा होता. तरी सरासरीत टिक्काच थोडी पुढे, ते मान्य. विकत नाही.

लाकूडवेडा:
अक्रोडावर सँडपेपर. वाचवलं नाही मला.

आटे_आणि_पीळ:
आतून आहे हो, दिसत नाही. जाडनळी, आता गोळ्यांमुळे नळीत साचलेला तांब्याचा थर काढा. कापडाचा तुकडा निळा-हिरवा यायचा थांबेपर्यंत, आणि मग पुन्हा चार ग्रुप.