ऑफिसच्या ४० जणांची टेनिसची सकाळ दोन कोर्टांत कशी बसवायची?

बाणेर_बॅकहँड

जानेवारीतल्या एका शनिवारी पुण्यात ऑफिसच्या टीमसाठी टेनिस ठेवायचं ठरलंय. ४० नावं आली आहेत. सहा जण नियमित खेळतात, दहा-बारा जण बॅडमिंटनवाले आहेत, बाकीच्यांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नाही. वयं २३ ते ५४. बालेवाडीच्या बाजूला शेजारी-शेजारी दोन हार्डकोर्ट सकाळी साडेसहा ते साडेनऊ मिळताहेत.

आधी सरळ नॉकआउट डबल्स ठेवणार होतो. पण त्यात एका वेळी आठच जण खेळतात, ३२ जण बसून राहतात, आणि पहिल्याच सामन्यात हरलेल्याची सकाळ तिथेच संपते. नवख्यांना खरोखर खेळायला मिळावं आणि कोणाला लागू नये, एवढं जमवायचंय. फॉरमॅट, सामान, वेळ, सगळंच सुचवा.

लाल_चेंडू

नॉकआउट नको आणि पूर्ण कोर्टही नको. ७८ फूट लांबीच्या कोर्टावर नवखा माणूस पिवळ्या बॉलने खेळला की दोन फटक्यांत पॉइंट संपतो आणि उरलेला वेळ बॉल गोळा करण्यात जातो. नवख्यांसाठी लाल बॉल मिळतात. ते नेहमीच्या बॉलपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतात. १०० इंचांवरून सोडला तर पिवळा बॉल १३५ ते १४७ सेंमी उसळतो, लाल बॉल ९० ते १०५. म्हणजे तो खांद्यावर न येता कमरेजवळ येतो, आणि पहिल्या अर्ध्या तासातच चार-पाच फटक्यांची रॅली होऊ लागते. सगळा कार्यक्रम या रॅलीवर उभा आहे, त्यामुळे दुसरीकडे काटकसर करा, पण बॉल हेच घ्या.

आता कोर्ट. डबल्सची रुंदी ३६ फूट असते आणि लाल बॉलच्या कोर्टाची लांबीही ३६ फूट. म्हणून एका कोर्टावर आडवी चार छोटी कोर्ट बसतात, मुख्य नेटच्या या बाजूला दोन, त्या बाजूला दोन. प्रत्येकाची रुंदी १८ फूट धरा. डबल्सच्या साइडलाइन (बाजूच्या रेषा) याच तुमच्या बेसलाइन (मागच्या रेषा). छोट्या कोर्टांचं नेट म्हणून मुख्य नेटच्या मधल्या पट्ट्यापासून मागच्या जाळीपर्यंत बॅरिकेडची लाल-पांढरी टेप ताणून बांधा. उंची ८० सेंमी ठेवा. एका बाजूला साधारण ६० फूट लागते, दोन कोर्टांना मिळून २४० फूट. तीनशे फूट घ्या. एवढ्या लांबीत टेप मधे झोळ खाते, म्हणून मोठ्या कोर्टाच्या बेसलाइनपाशी प्लास्टिकची खुर्ची ठेवून तिच्या पाठीवरून न्या. बॅडमिंटनची जुनी नेट असतील तर आणखी चांगलं. ती २० फूट लांब आणि अडीच फूट खोल असतात, खाली आणून बांधली की जवळजवळ जमिनीला टेकतात आणि बॉल खालून निसटत नाही.

अशी आठ छोटी कोर्ट झाली की एका वेळी ३२ जण डबल्स खेळतात. मग ४० जणांचे आठ-आठचे पाच संघ करा. दोन संघांची लढत म्हणजे एका पूर्ण कोर्टावर एकाच वेळी चार डबल्स. फेऱ्या अशा:

पहिली: २-५, ३-४ (१ बाहेर)
दुसरी: ३-१, ४-५ (२ बाहेर)
तिसरी: ४-२, ५-१ (३ बाहेर)
चौथी: ५-३, १-२ (४ बाहेर)
पाचवी: १-४, २-३ (५ बाहेर)

प्रत्येक संघ चार वेळा खेळतो, एकदा बाहेर. बाहेरचे आठ जण आठ कोर्टांवर एकेक उभे राहून गुण मोजतात आणि बॉल उचलतात. फेरी १२ मिनिटांची, सगळीकडे एकाच शिट्टीवर सुरू आणि बंद. अदलाबदलीला सहा मिनिटं धरा, त्याहून कमी वेळात ४० माणसं हलत नाहीत. पाच फेऱ्यांना दीड तास लागतो.

गुण १५-३०-४० असे मोजू नका, सरळ १, २, ३. सर्व्ह खालून, एक टप्पा पडल्यावर, दर दोन गुणांनी सर्व्ह बदलायची. चार डबल्समधल्या गुणांची बेरीज हाच संघाचा स्कोअर. त्यामुळे ११-३ ने मागे असलेली जोडीही शेवटच्या मिनिटापर्यंत जीव लावून खेळते.

वेळेबद्दल एक. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतरच उगवतो, त्यामुळे साडेसहाला लोकांना बोलावू नका. तो अर्धा तास मांडणीला वापरा, दिवे लागतील का ते विचारून ठेवा. सातला हजेरी, सव्वासातला वॉर्मअप आणि सराव, पावणेआठला पहिली फेरी, सव्वानऊला शेवट. आणि आपली कोर्ट बहुधा उत्तर-दक्षिण असतात. ती आडवी वापरली की एका बाजूच्या खेळाडूंच्या डोळ्यांत थेट ऊन येतं, साडेआठपर्यंत तर नक्कीच. म्हणून सहाव्या मिनिटाला बाजू बदला, नाहीतर तक्रारी येतील आणि त्या रास्त असतील. टोप्या आणायला आधीच सांगा.

स्प्लिट_स्टेप

वरचं आखणीचं सगळं पटलं. दुखापतींचं मी लिहितो.

अशा कार्यक्रमात घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा पायाखाली आलेल्या बॉलमुळे. आठ छोटी कोर्ट म्हणजे सतत कुठूनतरी बॉल घरंगळत येणार. नियम एकच: शेजारचा बॉल आत आला की जो पाहील त्याने मोठ्याने ‘बॉल!’ म्हणायचं, आणि पॉइंट तिथेच थांबवून पुन्हा खेळायचा. गुण मोजणाऱ्याच्या पायाशी बादली हवी. एका कोर्टावर खेळात एक बॉल आणि बादलीत दोन, त्याहून जास्त नकोत.

बूट: जाड, मऊ टाचेचे रनिंग शूज सरळ धावायला बनवलेले असतात. बाजूला झेप घेतली की पाय त्यांवरून कलंडतो. टेनिसचे किंवा बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग (कोर्टवर डाग न पाडणारे) बूट चालतील. चप्पल-सँडलवाल्यांना गुण मोजायला बसवा, भिडेखातर कोर्टवर सोडू नका.

चाळिशीपुढच्यांची पोटरी पहिल्या दहा मिनिटांत धरते, कारण थंडीत उभं राहून एकदम नेटकडे धाव घेतली जाते. सराव सुरू करण्याआधी दहा मिनिटं हळू जॉगिंग, बाजूने सरकत चालणं, टाचा उचलणं हे सगळ्यांकडून करून घ्या. बर्फ, क्रेप बँडेज, ओआरएस जवळ हवं. आधी केळं आणि चहा एवढंच, पोहे खेळ संपल्यावर.

बॅडमिंटनवाल्यांकडे वेगळं लक्ष द्या. त्यांची रॅकेट ९० ग्रॅमच्या आसपास, टेनिसची २६० ते ३००. सवयीने ते मनगटाने फटका मारतात आणि दुसऱ्या दिवशी कोपरापासून हात धरून बसतात. मनगट घट्ट, फटका खांद्यातून आणि बॉल शरीराच्या पुढे, एवढं सरावातच सांगून टाका.

मिक्स्ड_डबल्स

सहा नियमित खेळाडूंना एकत्र ठेवू नका. प्रत्येक संघात एक, जोडीला नेहमी नवखा, आणि समोरच्या जोडीतही नियमित खेळाडू असेल असं बघा. स्मॅश बंद. साहेब आणि त्यांच्या हाताखालची टीम एकाच संघात नको, नाहीतर नेहमीची बैठकच कोर्टवर भरते. चिठ्ठ्या टाका, पण तीन वेगळ्या डब्यांतून: नियमित, बॅडमिंटनवाले, नवखे.

बाणेर_बॅकहँड

खूप आभार. पाच संघांची आखणी तशीच उचलतो. तीन शंका: सहावा नियमित खेळाडू कुठे टाकू? ४० पैकी चार-पाच जण ऐनवेळी आले नाहीत तर? आणि छोट्या कोर्टांच्या रेषा कशाने आखू?

लाल_चेंडू

ज्या संघात बॅडमिंटनवाले कमी पडतील तिथे सहावा.

गैरहजेरी धरूनच चला. कमी पडलेला माणूस त्या फेरीपुरता बाहेर बसलेल्या संघातून घ्या, गुण तो ज्यांच्यासाठी खेळला त्यांचे.

लाल बॉल ३६ घ्या: आठ कोर्टांना प्रत्येकी तीन आणि बारा जादा. रॅकेट ३२ पुरतात, बाहेर जाणारा संघ आत येणाऱ्याला देतो. त्या २७ इंचीच हव्यात, मुलांच्या २३-२५ इंची मोठ्या माणसाच्या हातात लहान पडतात. कोर्ट चालवणाऱ्या अकादमीकडेच भाड्याने विचारा आणि सरावाच्या अर्ध्या तासासाठी त्यांचे दोन कोच घ्या. सरावाचा क्रमही आधी ठरवून द्या: हाताने टाकलेला बॉल टप्प्यानंतर झेलणं, मग जवळून दोघांनी हलके फटके, मग खालून सर्व्ह. फोरहँड-बॅकहँडची व्याख्यानं नकोत.

रेषांसाठी जमिनीवर टाकायच्या रबरी पट्ट्या आणि चपटे कोन अकादमीकडे असतात. नसतील तर मास्किंग टेप, तीही कोर्टवाल्यांना विचारून, आणि खेळ संपल्याबरोबर काढायची. खोक्यांची ब्राउन टेप अजिबात नको, उन्हात तिचा गोंद धरतो आणि ओढताना रंगाचा थर सोबत निघतो. रबरी पट्ट्या बेसलाइनवर टाकायची गरज नाही, तिथे साइडलाइन आहेच. दोन छोट्या कोर्टांच्या मधे तीन फूट जागा सोडून तेवढ्याच पट्ट्या टाका.