बडोद्यातले आपले मोचीकाका: चपला-बूट दुरुस्तीचे अनुभव लिहा

बडोद्यात चपला-बूट दुरुस्त करणारी माणसं अजून पुष्कळ आहेत. मांडवीच्या आसपास, न्यायमंदिराजवळ, रावपुऱ्यात, स्टेशनबाहेर. कुणाचं शटरचं दुकान, कुणाची फुटपाथवर छत्री आणि लाकडी पेटी. तरी ओळखीत कुणाला विचारलं तर ऐकायला मिळतं, "आता कोण दुरुस्त करतं? नवीन घ्या." मला हे मुळीच पटत नाही. चांगल्या कातड्याचा जोड तळ बदलून वर्षानुवर्षं चालतो आणि तो चालवणारा हात आपल्याच गल्लीत बसलेला असतो. म्हणून हा विषय काढला आहे.

कारागीर चांगला की नाही हे मी एका गोष्टीवरून ठरवते: पैसे घेण्याआधी "हे टिकणार नाही" असं तो सांगतो का? सूरसागरच्या बाजूला मी ज्या काकांकडे जाते ते बूट हातात घेतला की आधी पंजाच्या जागी वाकवतात. वाकलेल्या घडीत बारीक चिरा दिसल्या तर अंगठ्याने त्या दाबून बघतात, मग आत हात घालून टाचेचं अस्तर चाचपतात. तोवर एक शब्द बोलत नाहीत. माझ्या तपकिरी सँडलबद्दल म्हणाले, "ऊपरनो भाग सारो होय तो ज पैसा नाखजो, बेन." पट्ट्यांचं कातडं मेलं होतं. तळ नवा घातला असता तरी महिन्याभरात पट्टे तुटले असते. त्यांनी काम घेतलंच नाही. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचे जोड त्यांच्याकडेच जातात.

तर लिहा, वर फक्त आपल्या भागाचं नाव घालून. काय बिघडलं होतं, त्यांनी काय केलं, किती टिकलं. वाईट अनुभवही लिहा, फक्त दुकानाचं नाव नको.

कारेलीबाग

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. जोड्यांचं कपाट खालीच. पाणी ओसरल्यावर प्रत्येक बुटात गाळ भरलेला, वास तर विचारू नका. यजमानांनी सगळे गच्चीवर कडक उन्हात मांडायला घेतले, तेवढ्यात कोपऱ्यावरचे मोचीकाका (त्यांच्याही पेटीचं नुकसान झालं होतं) ओरडले की उन्हात ठेवू नका.

त्यांनी सांगितलं ते असं. आधी साध्या पाण्याने गाळ धुऊन काढायचा, ब्रश मऊ घ्यायचा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ओले झाले की बदलत राहायचे. सावलीत, पंख्याखाली सुकवायचं. पुराच्या पाण्याने कातड्यातलं तेल निघून जातं, त्यावर ऊन लागलं की कातडं लाकूड होतं आणि पाय घातला की तडकतं. पूर्ण वाळल्यावरच तेल किंवा क्रीम चोळायचं, पॉलिश त्याच्यानंतर. सोल चिकटवायचं काम त्यांनी मुद्दाम उशिरा घेतलं, आत ओल असली तर सोल्युशन धरत नाही म्हणून.

लेकाचे स्पोर्ट्‌स शूज गेले, ते वाचण्यासारखे नव्हतेच. यजमानांचे चामडी बूट आणि माझ्या सासऱ्यांची जुनी मोजडी मात्र आजही पायात आहे. नवरात्र आलं तेव्हा मोचीकाकांसमोर सबंध कारेलीबागेचे जोड पडले होते, तरी भाव त्यांनी एक रुपयाने वाढवला नाही. हे मला लिहायचंच होतं.

सुभानपुरा

आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत नोकरी झाली, त्यामुळे सोल्युशनबद्दल थोडं अधिकाराने लिहितो. आपण मोचीभाईंसमोर उभं राहून "लवकर चिकटवून द्या" म्हणतो, आणि काम तिथेच बिघडतं.

हे सोल्युशन बहुधा निओप्रीन रबराचं असतं, द्रावकात विरघळवलेलं. ते दोन्ही बाजूंना लावावं लागतं. आधी जुना थर आणि धूळ खरवडून काढायची. मग पातळ हात द्यायचा आणि थांबायचं. दहा-पंधरा मिनिटांत द्रावक उडून जातं. बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये, ही वेळ. त्यानंतर एकदाच नेमकं बसवून हातोडीने ठोकायचं, कारण दोन थर भिडले की सरकवता येत नाहीत. ओलं असताना चिकटवलं तर द्रावक आत अडकतं आणि सांधा ढिलाच राहतो. आमचे मोचीभाई सोल्युशन लावून बूट बाजूला ठेवतात आणि दुसऱ्याच्या पट्ट्याला टाके घालायला घेतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. काम तेच बरोबर आहे.

दुसरं, पीव्हीसीचा सोल. तो लवचिक राहावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतो, तो हळूहळू बाहेर झिरपतो आणि निओप्रीनचा थर मऊ करून टाकतो. म्हणून स्वस्त बुटाचा सोल पुन्हा पुन्हा त्याच जागी उघडतो. त्याला पीयूचं (पॉलियुरेथेनचं) ॲडहेसिव्ह हवं, नाहीतर कडेने सरळ टाके. "आमां टांका ज चालशे" असं भाई म्हणाले की ऐकावं. रसायनशास्त्र ते शिकलेले नाहीत, पण कुठलं काम परत आलं हे त्यांच्या लक्षात असतं.

गोत्री

वर सोल्युशनबद्दल लिहिणाऱ्या सुभानपुऱ्याच्या काकांना विचारायचं आहे. लॉकडाउननंतर ऑफिस उघडलं, खोक्यातून बूट काढले, जेमतेम वापरलेले, चांगल्या कंपनीचे. लिफ्टपर्यंत पोहोचेस्तोवर सोलचे तुकडे पडायला लागले, काळ्या वड्यांसारखे. मोचीने बघून हात जोडले, म्हणाला चिकटवायला काही उरलंच नाही. मग त्याने पूर्ण सोल उतरवून रबराचा नवा बसवला. बूट अजून घालतो. पण न वापरता खराब कसे झाले?

सुभानपुरा

तो सोल पीयूचा होता. हवेतली ओल पॉलियुरेथेनच्या साखळ्या तोडते, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. खोक्यात बंद, दमट कपाटात ठेवले की आणखी लवकर. ठेवणीतले बूट अधूनमधून घालत जा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. मोचीने चिकटवायला नकार दिला ते योग्यच केलं.

फत्तेगंज

माझा अनुभव छोटासा आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीत पेपर होता आणि गेटच्या अलीकडे सँडलचा अंगठा निघाला. बाहेर बसणाऱ्या दादांनी आधी तारीख-वेळ काही न विचारता स्वतःच्या स्लीपर माझ्यापुढे सरकवल्या, "पेपर आपी आव, पछी लई जजे." पेपर संपवून आले तर सँडल टाके घालून तयार, आणि दुसऱ्या पायाचाही अंगठा त्यांनी शिवून ठेवला होता. तोही सुटायला आला होता म्हणे. त्याचे पैसे घेतले नाहीत.

मांजलपूर

आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर एक पाय आखूड पडला. अस्थितज्ज्ञांनी चिठ्ठीवर "डाव्या बुटाला २ सेंमी उंची" एवढंच लिहून दिलं. तयार बूट मिळेना. एवढी उंची बुटाच्या आत गादी घालून साधत नाही, टाच वर येऊन बूट निसटतो. आत साधारण एक सेंटिमीटरच मावतो. बाकीची बाहेरून, तळालाच द्यावी लागते.

प्रतापनगरच्या बाजूला एक वयस्कर मोची आहेत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि आईला उभं करून बघायचं आहे म्हणाले. मी आईला रिक्षातून नेलं. त्यांनी दुकानाच्या पायरीवर तिला भिंतीला धरून उभं केलं, डाव्या पायाखाली रबराच्या शीटचे तुकडे एकावर एक सरकवत गेले आणि मागून तिच्या कमरेकडे बघत राहिले. आई म्हणाली, "आत्ता बरं वाटतंय," तिथे थांबले. मग पट्टी लावली. डॉक्टरांच्या मापाशी जमलं तेव्हाच त्यांनी काम हातात घेतलं. बुटाचा मूळ तळ रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) अखंड सोडवला, मधे हलक्या मायक्रोसेल्युलर रबराचा थर घातला, तो थर चवड्याकडे उतरता तासला, कारण पुढे तेवढीच जाडी ठेवली तर पाऊल उचलताना बोटं अडखळतात. आणि खाली जुनाच तळ परत बसवला, दोन्ही बूट वरून सारखे दिसावेत म्हणून. आईला त्या शेवटच्या गोष्टीचं फार समाधान वाटलं. लग्नकार्यात जायला ती तयार झाली ती त्यामुळे.

आणखी एक, ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे वाचावंच. वडिलांच्या तळपायाची संवेदना गेली आहे. त्यांची चप्पल पुढे केल्यावर याच काकांनी विचारलं, "साकर छे?" हो म्हटल्यावर चुका (बारीक खिळे) मारायचा डबा बाजूला सारला. अशा पायाच्या चपलेत लोखंडी चूक वापरायचीच नाही, चिकटवायचं आणि शिवायचं. चूक वर आली तर माणसाला कळत नाही, जखम झाल्यावर मोजा ओला झाला की कळतं. चपलेत रोज हात फिरवून बघा असंही त्यांनीच सांगितलं. पुढे डॉक्टरांनी तेच सांगितलं.

अकोटा

वाईट अनुभव मागितला आहे म्हणून. एका चकचकीत दुकानात, काचेचं काउंटर, छापील पावती, बूट रीसोलला दिले. बोलणं झालं होतं की तळ शिवून देणार. परत आले तेव्हा कडेने टाक्यांची सुरेख ओळ दिसत होती. पावसाळ्यात सोल सुटला. लालबागेजवळच्या लारीवाल्या (हातगाडीवाल्या) काकांनी कडेला नख लावून ती ओळच सोलून काढली. टाके नव्हतेच, टाक्यांची नक्षी उठवलेली प्लास्टिकची पट्टी होती. दुकानाने नंतर दाद दिली नाही. काकांनी मेण लावलेल्या दोऱ्याने, आरीने एकेक भोक पाडून खरे टाके घातले, त्या दुकानाच्या निम्म्याहून कमी पैशांत. आता मी परत घेताना बूट उलटा करतो, कडेची पट्टी ओढून बघतो. शिवलेलं असेल तर आतल्या बाजूलाही दोरा दिसतो किंवा हाताला लागतो.

दांडिया बाजार

कोल्हापुरीचं कुणी लिहिलं नाही! अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, सगळं चामड्याच्या वादीने (बारीक पट्टीने) शिवलेलं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना तिचं भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे बनते तिकडेच आणि बिघडते इथे. बडोद्यात वादीने शिवणारा मला सापडला नाही. मोजडीचं काम करणारे एक काका मांडवीकडे आहेत, ते मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवून देतात आणि खिळा मारत नाहीत. खाली पातळ रबर लावून घ्या असा त्यांचा आग्रह. मी लावून घेतलं. झीज थांबली, घसरणंही थांबलं.

राजमहाल रोड

रबराला माझा विरोध आहे. कोल्हापुरीचा तळ जाड चामड्याचा, तो पायाला धरून बसतो आणि घाम शोषतो. खालून रबर चिकटवलं की ओल आत कोंडते. पावसात घालूच नये आणि तेल देत राहावं, एवढं पुरतं. माझ्या वडिलांच्या जोड्याला रबर कधी लागलं नाही.

नवापुरा

मी दुकानाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. आमचं घराणं चर्मकारांचं, आजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले. वडिलांनी आयुष्यभर दुरुस्तीचं काम केलं. त्यांची रापी, आरी, तीन तोंडांची ऐरण आणि लाकडी फर्मे आजही घरात आहेत. माघी पौर्णिमेला रोहिदास महाराजांच्या जयंतीला ती धुऊन पुसून तसबिरीपुढे मांडतो.

वर सगळ्यांनी किती आपुलकीने लिहिलंय, वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लोक जोड टाकून जातात आणि नेत नाहीत. वडील तळावर खडूने नंबर घालायचे, गिऱ्हाइकाकडून पैसे काम झाल्यावर. सोलची शीट, सोल्युशन, टाचेची टिप, ह्याचे पैसे मात्र व्यापाऱ्याला आधीच मोजलेले. एक फळी कायम अशा जोड्यांनी भरलेली असायची. आम्ही म्हणायचो, विकून टाका. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक येईल, त्याला काय सांगू?" खडू पुसट झाला की पुन्हा नंबर घालायचे. त्यातले काही लोक खरंच वर्षानंतर यायचे आणि घासाघीसही करायचे. तेव्हा कृपा करून दोन गोष्टी करा: निम्मे पैसे आधी द्या आणि सांगितलेल्या दिवशी जोड घेऊन जा.

तुमच्या ओळखीच्या काकांना हेही सांगा: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत चर्मकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज एक लाखापर्यंत मिळतं. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर आधारकार्ड दाखवून होते. वडिलांच्या वेळी असं काही नव्हतं. फॉर्म भरायला कुणी सोबत गेलं तर त्यांना फार मोठा आधार होईल.

निझामपुरा

मुलाच्या शाळेच्या बुटाचा वेल्क्रो धरत नाही, बाकी बूट चांगला आहे. बदलून मिळतो का?

नवापुरा

मिळतो. जुना उसवून नवा मशीनवर शिवतात, पाच-दहा मिनिटांचं काम. दोन्ही बाजू बदलून घ्या, काट्यांचीही आणि लोकरीचीही. आणि आत्ताच न्या, शाळा उघडायच्या आठवड्यात दुकानात उभं राहायला जागा नसते.