रुखवतासाठी रोज वापरता येतील अशा टिकाऊ, हातच्या वस्तू सुचवा

केवडा
भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि रुखवताची जबाबदारी मामी म्हणून माझ्या गळ्यात पडलीय. थर्माकोलचं देऊळ, नारळाचे नवरा-नवरी, बरण्यांमधले लाडू हे सगळं मांडायचं, फोटो निघाले की माळ्यावर टाकायचं, याला भाचीचाच विरोध आहे. "मामी, मांडायचंच असेल तर वापरता येईल ते मांड," असं तिने स्पष्ट सांगितलंय.

दोघं हिंजवडीला फ्लॅटमध्ये राहणार. एक गॅस, एक इंडक्शन, भांडी घासायला मावशी येतात. बजेट चाळीस हजारांच्या आतबाहेर, सोनं आणि साड्या त्यात धरू नका. माझ्या डोक्यात घोंगडी, तांब्या-पितळेची दोन-तीन भांडी, सोलापुरी चादरी आणि जावईबापूंना कोल्हापुरी चप्पल आहे. घेताना काय बघायचं, कुठे जायचं, काय टाळायचं हे जाणकारांनी सांगावं. ऑनलाइन प्रत्येक वस्तूवर 'हँडमेड' लिहिलेलं असतं, त्यामुळे आता त्या शब्दावरच विश्वास राहिला नाही.

तांबडफुटी
रुखवतात घोंगडी! वरपक्षाच्या आत्याबाईंचे चेहरे कुणीतरी टिपून इथे टाका. वाचनखूण साठवली आहे.

माणदेशी
केवडाताई, घोंगडीचं आधी ठरवा, अंगावर घ्यायची की अंथरायची. दोन्हीचा पोत वेगळा.

आमच्याकडं सणगरांचे, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्यांचे, माग होते, त्यामुळं लहानपणापासून बघत आलोय. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच जाडीभरडी. ती पिंजायची, बाया चरख्यावर सूत काढणार, मग उभ्या ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं लावायची, उन्हात वाळवायची आणि खड्ड्यातल्या मागावर विणायची. नवी घोंगडी कडक लागते ती या खळीमुळं. तेव्हा दुकानात मऊ लागली म्हणून भुलू नका. मऊ म्हणजे एकतर जावळाची, कोकराच्या पहिल्या कातरणीची, मग किंमतही तशीच असणार. नाहीतर अॅक्रिलिक मिसळलेलं.

खात्री करायची असेल तर काठाचा एक धागा ओढून दुकानदारासमोरच काडी लावा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, काडी बाजूला घेतली की धागा विझतो आणि राख बोटात चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं, टोकाला काळा टणक मणी धरतो. दुकानदार धागा ओढू देईना झाला तर काय समजायचं ते समजा. दुसरं म्हणजे रंग. काळा, करडा, तपकिरी हे मेंढीचेच रंग, त्यामुळं नैसर्गिक घोंगडीत जागोजागी छटा बदलते. एकसारखी काळीकुट्ट दिसली तर ओलं पांढरं फडकं घासून बघा.

किंमत ऐकून दचकू नका. मेंढपाळ आता मटणासाठी माडग्याळसारखी मेंढी पाळतात, तिला लोकर नावालाच. दख्खनीची लोकर विकून कातरणावळ सुटत नाही, म्हणून कितीतरी जण ती रानातच टाकून देतात. म्हणजे लोकर फुकट जातेय आणि घोंगडी महाग होतेय. कारण सूत काढणारी म्हातारी माणसं गेली आणि त्या कामाच्या मजुरीवर पुढची पिढी बसणार नाही. बसावी तरी का?

सांगोला, जत, कोल्हापूरकडं पट्टणकोडोली या बाजूला चौकशी केली तर अजून माग सापडतात. धनगरी जत्रेत माल येतो, पण तिथं पारख आपली आपणच करायची.

केवडा
फारच उपयोगी, धन्यवाद! पण टोचत नाही का? आणि फ्लॅटमध्ये सांभाळायची कशी?

माणदेशी
टोचतेच. आत सुती चादर घ्या किंवा पहिलं वर्ष नुसती अंथरा, वापरून मऊ पडते. मशीनमध्ये अजिबात घालायची नाही, आटून गोळा होते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लॉफ्टवर टाकली की कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागलीच म्हणून समजा. वापरात ठेवायची, अधूनमधून कडक उन्हात टाकायची आणि काठीनं झटकायची. एवढंच.

कसबेकर
तांब्या-पितळेसाठी कसबा पेठेत तांबट आळीला चक्कर मारा. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची वस्ती ही. दुपारी गेलात तर पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांचा आवाज येतो तिकडे चालत राहायचं.

भांडं हातात घेऊन मठार बघा. हाताने मठारलेल्या भांड्यावर एक ठोका शेजारच्या ठोक्यावर थोडा चढलेला असतो, ओळी गोल फिरतात पण मोजून मारल्यासारख्या दिसत नाहीत. साच्यात दाबलेल्या नक्षीत सगळे खळगे एका मापाचे आणि अंतरही तेच. मठार नुसती शोभेसाठी नसते. तापवून मऊ झालेला पत्रा ठोकून ठोकून ताठ होतो, म्हणून पातळ भांडंसुद्धा सहज पोचत नाही. यंत्रावरच्या भांड्यात तेवढा ताठपणा आणायचा तर पत्रा जाड घ्यावा लागतो. काठ वळवून आत तार घातली आहे का तेही अंगठा फिरवून बघा, नाहीतर वर्षभरात काठ वाकडा होतो.

पितळी पातेलं घेतलंत तर कल्हई करूनच द्या. बिनकल्हईच्या पितळेत ताक, कढी, चिंचेची आमटी ठेवली की कळकणार. कल्हई खरी की नाही हे बघायचं तर समोर बसून करून घ्या. भांडं तापवतात, नवसागराची पूड मारतात, भस्सकन पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील क्षणात आतून फिरवतात. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवून फोनवर गप्पा मारायच्या नाहीत, हे भाचीला बजावून सांगा. आणि कथील शुद्धच हवं. डाग द्यायच्या (सांधे जोडायच्या) कथलात शिसं असतं, ते जेवणाच्या भांड्याला चालत नाही.

इंदूरची_सून
कसबेकर, माहितीला तोड नाही, पण इंडक्शनचं काय? त्यावर तांबं-पितळ तापणारच नाही, त्याला लोखंड लागतं. त्यापेक्षा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणि बिडाची कढई द्या. गॅसवर चालतात, इंडक्शनवर चालतात, धिरडी-घावने सुटतात आणि कल्हईवाल्याच्या मागे फिरावं लागत नाही. फक्त आधी तेल लावून चार-पाच वेळा तापवून तवा वळणावर आणून द्या. कोरा तवा दिला की पहिला घावन चिकटतो आणि तवा कायमचा कोपऱ्यात जातो. बूड सपाट आहे का तेवढं बघून घ्या, गोल बुडाचा तवा इंडक्शनवर नुसता डुगडुगतो.

वरणभात
थोडं थंड पाणी ओततो, राग नसावा. माझ्या आईने घरातलं पितळ मोडीत घालून स्टील घेतलं ते काही तिला किंमत कळत नव्हती म्हणून नाही. चिंच-मीठ लावून राखेने भांडी घासणं, कल्हईवाला आला की धावत जाणं, ही कामं तिचीच होती. आज 'पारंपरिक'चं कौतुक करणाऱ्यांत ती भांडी स्वतः घासलेले किती? हिंजवडीत ते पातेलं घासणार मावशी, त्याही तारेच्या घासणीने, म्हणजे महिन्याभरात कल्हई गेली. वस्तू चांगली असेल, पण त्या घरात ती टिकेल का हे आधी बघा.

कसबेकर
वरणभात, मुद्दा मान्य. म्हणूनच मी डझनभर भांडी सांगत नाहीये. तांब्याचा एक झाकणाचा हंडा पाण्याला, तो आठवड्यातून एकदा लिंबू-मिठाने पाच मिनिटांत होतो. एक पितळी पातेलं, सणावारी खीर-बासुंदीला. बाकी स्टील आहेच, स्टीलला नावं कोण ठेवतंय?

केवडा
वरणभात, तुमचा प्रतिसाद भाचीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हंडा चालेल, तो मी घासेन. पातेलं आईकडेच राहू दे." पातेलं रद्द! तवा आणि कढई आत.

चार_हुतात्मा_चौक
सोलापूरकर हजर. आधीच एक भ्रम दूर करतो. सोलापुरी चादर हातमागावरची समजून घेऊ नका. ती यंत्रमागावर, जॅकार्ड (नक्षी उठवणारी यंत्रणा) लावून विणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा धंदा इथं वाढवला आणि चादर नावारूपाला आणली, तिला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्ही 'हातच्या वस्तू' म्हणताय, मी म्हणतो 'नीट केलेल्या वस्तू' म्हणा. हाताने केलेला रद्दी मालही बाजारात ढिगाने आहे.

घेताना उलगडून दोन्ही बाजू बघा. नक्षी दोन्हीकडे दिसली पाहिजे, फक्त रंग उलटे. चांगल्या कारखान्याचं नाव चादरीतच विणलेलं असतं, कागदी लेबल कुणीही चिकटवतं. हातात धरून वजन बघा, पाणी न पिणारी, गुळगुळीत चमकणारी चादर म्हणजे सुतात भेसळ. परगावचा माल सोलापुरी नावाने सगळीकडे विकला जातो, अगदी सोलापूर स्टेशनबाहेरसुद्धा, तेव्हा 'सोलापुरातनं आणली' हा पुरावा नव्हे. पहिली दोन धुणी वेगळी करा, रंग सोडते. मोरपंखी नक्षीची घ्या, रुखवतात उठून दिसते.

रंकाळ्यावरचा
चपलेचं मी सांगतो. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. खिळा दिसला की खाली ठेवायची. टाचेच्या कडेला नखानं दाबून बघा, मधे पुठ्ठा भरलेला असला तर दबतो. तळावर पाण्याचा थेंब टाका. कातडं तो हळूहळू पितं, रेग्झिनवर तसाच बसून राहतो.

"अथणीची आहे, म्हणजे डुप्लिकेट" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, अथणी बेळगाव जिल्ह्यातली. चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. कोल्हापूरकर असून सांगतोय, यावरून काय ते ओळखा. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तशाच चपला आपलं नाव न घेता चालवल्या, बोंबाबोंब झाल्यावर मूळ आपलं असल्याचं मान्य केलं. तेव्हापासून दुकानात जी उचलावी ती 'प्राडावाली सायेब'. त्याचे जादा पैसे देऊ नका.

जावयाला घेताय तर माप नेऊ नका, जावयालाच न्या. सुरुवातीला घट्ट लागणारच, अंगठ्याला खोबरेल चोळायचं आणि घरात घालून फिरायचं. पावसात मात्र बाहेर काढली की मेली.

तांबडफुटी
जावयाला कोल्हापुरी घेऊन द्यायची म्हणजे सासरी पहिल्याच दिवशी चावणारी वस्तू :D

मोगरा_पुणे
कुणी पैठणीचं विचारलं नाही तरी सांगते, रुखवतात मांडायला म्हणून स्वस्त पैठणी घेऊ नका. मागची बाजू बघा. मागावरच्या येवल्याच्या पैठणीचा पदर उलटसुलट सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रावरची. बजेट साडीचं नाही तेच बरं. त्याऐवजी बुरुडाकडून सूप आणि रोवळी घ्या. कुणी आणत नाही, पैसेही फारसे पडत नाहीत आणि सूप तर लग्नात विधीला लागतंच.

केवडा
सगळ्यांचे आभार. यादी अशी ठरली: तांब्याचा हंडा, बिडाचा तवा आणि कढई (मी वळणावर आणून देणार), मोरपंखी सोलापुरी चादरी चार, कोल्हापुरी जोड, सूप-रोवळी आणि एक घोंगडी. मांडताना प्रत्येक वस्तूपुढे कशी सांभाळायची याची चिठ्ठी ठेवणार आहे, तुमच्याच शब्दांत. हंड्यापुढच्या चिठ्ठीवर 'वरणभात यांच्या परवानगीने' असं लिहू का?

माणदेशी, घोंगडी कधी सांगू? नवरात्रात जतकडे जायचा विचार आहे.

वरणभात
लिहा, आणि खाली 'मावशींना घासायला देऊ नये' हेही लिहा.

माणदेशी
आताच फोन करून ठेवा, पण विणायची घाई करायला सांगू नका. पावसात ताण्याची खळ वाळत नाही, मागवाले ऊन पडल्यावरच काम धरतात. दसऱ्यानंतर विणली तरी मार्गशीर्षापर्यंत आरामात हातात येईल. अंगावर घ्यायची की अंथरायची तेवढं तुम्ही अजून सांगितलं नाहीत, ते भाचीला विचारून कळवा. एका ओळखीच्या मागवाल्याचा नंबर तुमच्या विपुत (विचारपूशीत) देतो.