'विविध माध्यमांतले कलाकार' मराठीत कसं लिहायचं?

केळफूल:
मदत हवीये. इथे अर्जेंटिनाच्या आजच्या कलाकारांचं एक समूह प्रदर्शन पाहिलं, त्यावर मंडळाच्या अंकासाठी लेख लिहितेय. पहिलं वाक्य असं लिहिलं, 'विविध माध्यमांत काम करणाऱ्या समकालीन अर्जेंटिनियन कलाकारांचं समूह प्रदर्शन.' सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे नाटक, मालिका, सिनेमा सगळीकडे कामं केलेली मंडळी का? आणि त्यांचं बरोबरच आहे, आपल्याकडे 'तिन्ही माध्यमांत काम केलेला कलाकार' म्हटलं की नटच डोळ्यासमोर येतो. चित्रकार लिहावं तर यातले बरेचजण चित्रं काढतच नाहीत, कुणी मातीत काम करतं, कुणी लोकरीत, कुणी धाग्यात, कुणी फोटोत. काय लिहू?

खडूफळा:
दृश्यकलाकार. दृश्यकला हा शब्द कलाशिक्षणात चांगला रुळलाय, तोच वापरा आणि पुढे जा.

आंबेमोहर:
रुळलाय तो अभ्यासक्रमाच्या कागदांवर. घरात कुणी 'आमचा मुलगा दृश्यकलाकार आहे' असं म्हणताना ऐकलंय? हुसेन यांनी सिनेमे केले तरी लोक त्यांना चित्रकारच म्हणत राहिले. चित्रकार लिहा, खाली कोण कशात काम करतं ते येईलच.

केळफूल:
आंबेमोहर, व्हिक्तोर ग्रिप्पो घ्या. १९७०च्या सुमारास त्याने बटाट्यांना तारा जोडल्या आणि त्यातून निघणारी वीज मोजून दाखवली, तेच त्याचं काम. तो शिकलेला होता रसायनशास्त्र. त्याला चित्रकार म्हटलं तर वाचणारा चित्र शोधत बसेल. प्रदर्शनात कामाशेजारी चिठ्ठी असते ना, 'माध्यम: कॅनव्हासवर तैलरंग', तिथे याचं माध्यम बटाटा.

जुनीवही:
मग माध्यम सोडा, 'वेगवेगळ्या साहित्यातून काम करणारे' म्हणा. पाककृतीत आपण 'साहित्य: दोन वाट्या बेसन' लिहितोच की.

खडूफळा:
'साहित्यातून काम करणारे अर्जेंटिनाचे कलाकार' वाचलं की माणूस थेट बोर्हेससारख्या तिथल्या लेखकांवर जाईल. नको.

सातबारा:
शब्द शोधता कशाला, सरळ वस्तूच लिहा की. माती, लोकर, धागा, काच, फोटो यांतून काम करणारे. आमच्याकडं लोकं असंच बोलतात, लाकडाचं काम करतो, मातीचं काम करतो. माध्यम हा शब्द शाळेच्या बोर्डावर 'सेमी इंग्रजी माध्यम' म्हणून बरा.

आंबेमोहर:
हे आवडलं. पण इन्स्टॉलेशनचं, म्हणजे जागाभर वस्तू मांडून केलेल्या कामाचं, काय करणार? तिथे वस्तू मोजून संपत नाहीत.

खडूफळा:
मांडणशिल्प. इतका सुरेख शब्द असताना इन्स्टॉलेशन कशाला, ते पाण्याच्या फिल्टरचं होतं.

केळफूल:
मांडणशिल्प मलाही प्रिय आहे, पण मार्ता मिनुखिनच्या कामाला ते पुरत नाही. रुबेन सांतान्तोनिनबरोबर तिने १९६५ साली ब्युनोस आयर्सच्या दी तेल्ला या कलासंस्थेत 'ला मेनेसुंदा' केलं. त्यात एकामागून एक खोल्यांतून जायचं, एका खोलीत पलंगावर खरंखुरं जोडपं, एका ठिकाणी टीव्हीवर आपण स्वतःच दिसतोय, एका ठिकाणी बाईच्या भल्यामोठ्या डोक्याच्या आत मेकअपचं दुकान. बघणारा त्याच्या आत शिरतो, तो नसेल तर काम पुरं होत नाही. शिल्प म्हटलं की बाहेरून प्रदक्षिणा घालायची वस्तू वाटते.

खडूफळा:
ते आजच्या कानांना वाटतं. संस्कृतात शिल्प म्हणजे कुठलंही कौशल्याचं काम, पुतळाच असा अर्थ नाही. उलट मांडणशिल्पाने त्या शब्दाला त्याची जुनी ऐसपैस जागा परत दिली असं माझं ठाम मत आहे.

आंबेमोहर:
पण शब्द वापरणाऱ्याच्या कानाचं काय? १९८३च्या डिसेंबरात, लष्करी राजवट संपताना, याच मिनुखिनने ब्युनोस आयर्सच्या रस्त्यात बंदी घातलेल्या पुस्तकांचं पार्थेनॉन, म्हणजे त्या ग्रीक देवळाची प्रतिकृती, उभं केलं आणि नंतर ती पुस्तकं लोकांना वाटून टाकली. वाटून टाकण्यासाठीच केलेल्या गोष्टीला शिल्प म्हणायला माझी जीभ वळत नाही. 'मांडणी' म्हणा, पुरे.

जुनीवही:
मांडणी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली भांड्यांची. ;)

सातबारा:
धाग्याचं काम म्हणालात ते कसलं?

केळफूल:
क्लाउदिया आलार्कोन आणि सिलात. उत्तरेकडच्या साल्ता प्रांतातल्या विची या आदिवासी जमातीतल्या बायकांचा गट, २०२४ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, त्यांची कामं होती. चागुआर नावाची काटेरी पानांची वनस्पती आहे, अननसाच्या कुळातली. तिच्या पानांतला धागा काढून, मांडीवर पीळ देऊन सूत करतात आणि त्याचं कापड. मी 'विणकाम' लिहिलंय.

सातबारा:
ओ ताई, पानांतल्या त्या धाग्याला वाख म्हणतात! आमच्याकडं केकताडाची पानं कुजवून, चेचून वाख काढायचे, माझी आजी मांडीवरच सुतळी वळायची. आमचं केकताड म्हणजे घायपात आणि तुमचं चागुआर वेगळं असेल, पण हातानं करायचं काम तेच आहे. सूत वळणं आणि कापड विणणं ही दोन वेगळी कामं आहेत, नुसतं विणकाम लिहिलं की अर्धी मेहनत गायब होते. वाख लिहाच, लोकांना कळत नसेल तर कळू द्या.

खडूफळा:
सातबारा, मनापासून धन्यवाद. असे शब्द गेले की परत येत नाहीत.

केळफूल:
वाख घेतला. आता खरा अडलेला शब्द. मोनिका हिरोनचं १९९३चं काम आहे, दक्षिणेकडच्या पातागोनियातल्या पक्ष्यांच्या मापाचे लोकरीचे विणलेले कपडे. बघताना आधी गोड वाटतं आणि मग पोटात गोळा येतो, कारण पक्षी कुठेच नाहीत, नुसते त्यांचे रिकामे कपडे. नाव 'आहुआर पारा उन कोंकिस्तादोर', म्हणजे 'एका जिंकणाऱ्यासाठी आहुआर'. आहुआर म्हणजे नवरी बरोबर घेऊन जाते ते कपडेलत्ते-सामान, पण तान्ह्या बाळाच्या कपड्यांच्या संचालाही म्हणतात, आणि उत्खननवाले थडग्यात मृताबरोबर पुरलेल्या वस्तूंनाही आहुआरच म्हणतात. तिन्ही अर्थ त्या कामात आहेत!

जुनीवही:
रुखवत! आत्ता कळलं मी या धाग्यावर का आले. विणलेल्या वस्तू, मांडून ठेवलेल्या, नवऱ्याकडच्यांसाठी.

आंबेमोहर:
आहुआर आणि आहेर किती जवळ आहेत बघा. मला तर एकच शब्द वाटतो, पोर्तुगीजांबरोबर आला असणार.

खडूफळा:
नाही हो. आहुआर अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेला आहे, मुळात 'शवार' असा काहीसा. आहेराशी त्याचं नुसतं कानाचं नातं. आणि रुखवत म्हणजे मुळात नवरदेवाला नेऊन द्यायचा फराळ, भरतकाम-विणकाम नंतर त्यात शिरलं.

जुनीवही:
शिरलं ना? मग आज त्याचा अर्थ तोच. पण विचार केल्यावर मला बाळंतविडा जास्त पटतोय. इवलेसे, अंगात घालायचे, विणलेले कपडे म्हणजे आपल्याकडे बाळंतविडाच, टोपडं, झबलं, मोजे. आणि ज्या जिवाला घालायचे तो जीवच नाही म्हटल्यावर त्या शब्दाने जे होतं ते रुखवताने होणार नाही.

केळफूल:
जुनीवही, अंगावर काटा आला. पण 'कोंकिस्तादोरसाठी' आहे ना, पक्ष्यांसाठी नाही. जिंकणाऱ्याला द्यायचं ते रुखवतच ठरतं. आणि कोंकिस्तादोरला काय लिहू? जेता कोरडं वाटतं.

आंबेमोहर:
मुलूखगिरी करणारा.

खडूफळा:
साफ चूक. मुलूखगिरीत स्वारी करून, वसुली घेऊन परत यायचं असतं. पातागोनियात १८७८ ते १८८५ अर्जेंटिनाच्या सैन्याने तिथल्या मूळच्या मापुचे आणि तेउएल्चे लोकांना मारून, हाकलून जमीनच घेतली, आणि नाव काय दिलं तर 'वाळवंटावरचा विजय', जणू तिथे माणूस नव्हताच. त्याला आपला ऐतिहासिक शब्द चिकटवू नका.

आंबेमोहर:
आपल्या शब्दांना आपण फारच सोवळ्यात ठेवतो. ज्यांच्यावर मुलूखगिरी झाली त्या बंगालच्या गावांना विचारा ती कशी होती.

केळफूल:
हे भांडण वेगळ्या धाग्यावर घ्या ना प्लीज, मला त्यात रस आहे पण लेख द्यायचाय. शेवटचं एक. १९७६ ते ८३च्या लष्करी राजवटीत पळवून नेलेल्यांना तिथे 'देसापारेसीदोस' म्हणतात, मानवी हक्क संघटना आकडा ३०,००० सांगतात. २१ सप्टेंबर १९८३ला ब्युनोस आयर्सच्या प्लासा दे मायो चौकात लोक कागदावर आडवे पडले, दुसऱ्यांनी त्यांच्या भोवती रेघ मारली, आणि त्या माणसाएवढ्या आकृत्या चौकाभोवतीच्या भिंतींवर उभ्या चिकटवल्या. उभ्याच हव्यात असं नेलेल्यांच्या आयांचं म्हणणं होतं, त्या याच चौकात जमून मुलांचा जाब विचारायच्या. आजही तिथल्या अनेक कलाकारांचं काम याच्याशी बोलत असतं, त्यामुळे हा शब्द चुकायला नको. 'बेपत्ता' लिहू?

सातबारा:
बेपत्ता म्हणजे पेपरात फोटो येतो, घरातून निघून गेलेला म्हातारा. इथं तर उचलून नेलंय. 'नाहीसे केलेले' लिहा. कुणीतरी केलंय हे दिसलं पाहिजे.

खडूफळा:
पण मूळ स्पॅनिश शब्दातही 'केलेले' नाही, नुसतं 'नाहीसे झालेले' आहे. १९७९ला लष्करी राजवटीचा प्रमुख विदेला याने पत्रकारांसमोर हाच शब्द वापरून सांगितलं की असा माणूस जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही, तो नाहीसा आहे. त्याच्या तोंडचा शब्द त्या आयांनी चौकात त्याच्याच विरोधात फिरवला. 'केलेले' घातलं की हा सगळा झगडा मराठीत दिसणारच नाही.

जुनीवही:
आणि 'नाहीसा' म्हटलं की संपला असं होतं. त्यांची घोषणा होती, जिवंत नेलेत, जिवंत परत द्या. बेपत्तामध्ये शोध चालू असतो, घरचे अजून दार लावत नाहीत. मी बेपत्ताच लिहिलं असतं.

सातबारा:
शोध कुणी करायचा, ज्यांनी नेलं त्यांनीच? माझा बेपत्ताला विरोध आहे तो आहे. निदान पहिल्यांदा येईल तिथं 'सरकारनं उचलून नेलेले' असं स्पष्ट लिहा, मग पुढं कुठलाही शब्द चालवा.